रिकाम्या जागा भरा

रात्री पावणेअकराला, ओटा पुसून झाल्यावर
मी यंत्राला सांगते:
आठवीसाठी इंग्रजी उतारा दे. सव्वाशे शब्द. खाली पाच प्रश्न.
आणि भूतकाळाच्या दहा रिकाम्या जागा.

चष्मा पुसेपर्यंत देतं.
उताऱ्यात टॉम, टॉमची आजी,
आजीने ओव्हनमधून काढलेला केक,
खिडकीबाहेर बर्फ.
एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही.
बावीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे,
माझा 'द' अजून नको तिथे जाऊन बसतो.

मी लिहिते: बर्फ काढ. आम्ही ग्वाल्हेरला आहोत.
ते माफी मागतं.
(इतक्या पटकन माफी मागणारं या घरात दुसरं कोणी नाही.)
बर्फ जातो, हत्ती येतो,
झूल घातलेला, थेट किल्ल्याच्या दारात.
टॉमचा राहुल होतो. केक तसाच.

मग मीच बसते खोडत.
हत्ती काढून टेम्पो घालते,
हजिऱ्याहून बाड्याला निघालेला, तीन सवाऱ्या जास्तीच्या.
केकच्या जागी गजक.
ते विचारतं, गजक म्हणजे काय ते तळटीपेत सांगू का?
नको.
त्यांना ठाऊक आहे. तुला नाही.

बेचाळीस प्रती, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे उधारीत.

सातवी रिकामी जागा माझी स्वतःची:
माझे आजोबा मिलमध्ये काम ______.
बिरलानगरची अर्धीअधिक पोरं,
वाटलं, हे तरी घरचं, सोपं जाईल.
यंत्राने उत्तर दिलं होतं: वर्क्ड.
एकच बरोबर.

खुशबू बघेलने लिहिलं: इज वर्किंग.

मी लाल पेन उघडलं.
"अगं, मिल बंद झाली तेव्हा तुझे पप्पा केवढे होते?"
"पप्पा छोटे थे, मॅम. पर बब्बा तो अभी भी जा रहे हैं."

लज्जाराम बब्बा.
सकाळी सातला डबा,
खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत,
फाटकापाशी बाभळीखाली एक दगड आहे, तिथे.
दुपारी तीनला परत. शिफ्ट संपली म्हणतात.
सून विचारते, पगार?
बाकी आहे, म्हणतात,
आणि ते मात्र खोटं नाही.

घरी येऊन यंत्राला विचारलं, हे चालेल का?
त्याने तीन कारणं दिली, नंबर घालून.
मिल बंद आहे, म्हणजे क्रिया पूर्ण झाली.
शेवटी लिहिलं, तुमची विद्यार्थिनी छान प्रयत्न करते आहे.

पुण्याची मावसबहीण शुभदा
सुट्टीत आली की मला धरून बसायची.
मी म्हणायचे, चहा करून राहिले.
ती हसून लोळायची: राहिलीस कुठे गं? करते आहे म्हण!
मी म्हणायचे, करते आहे.
ती गेली की पुन्हा चहा उकळून राहायचा,
पोरं खेळून राहायची, बाबा दप्तरातून येऊन राहायचे.
पणजोबांच्या पणजोबांपासून लष्करात येऊन
आम्ही राहूनच राहिलो आहोत,
आणि कुणाच्याही व्याकरणात ते बसत नाही.

खुशबूच्या सातव्या जागेपाशी
बरोबर नाही केली. फुलीही नाही.
पेनाचं टोक टेकलं तेवढा एक ठिपका.
बाईंनी काय दिलं म्हणून पोरं डोकावली,
तिने पान हाताखाली घेतलं.

आज पुन्हा पावणेअकरा.
यंत्राला सांगितलं:
उद्याच्या पानाला उत्तरं नकोत. एकही नको.
नक्की, ते म्हणालं, समजलं.

आणि दहा जागांखाली
नीट, ठळक अक्षरांत,
दहा उत्तरं.