गेटपास

बुटीबोरीच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या खिडकीआड
बारा वर्षं मी पास बनवतो.
निळा म्हणजे कायम. पिवळा अकरा महिने.

फुलवंता मरसकोल्हे, वेल्डर, देवलापारकडची.
तिचे सात पिवळे पास माझ्या खणात पडलेत,
कोपरे कापलेले.
पहिल्यात फ्लॅशनं डोळे मिटलेत,
चौथ्यात कानांतले डूल नाहीत,
सातव्यात भुवईपाशी ठिणगीचा डाग.
दर दोन पासांमधला एक महिना
ती कुठे होती, रजिस्टरला ठाऊक नाही.
मीही विचारलं नाही कधी.
तिच्या हाताखाली सांधा जोडायला शिकलेली
दोन पोरं निळी होऊन कॅन्टीनला पुढच्या रांगेत बसतात.

यंदा नागपूरच्या हेड ऑफिसातून कागद आला.
फुलवंता, निळा.
फॉर्मात रकाना: 'कंपनीत केव्हापासून?'
मी आजची तारीख टाकायला पेन टेकवलं,
तशी ती खिडकीत वाकली.

"थांबा ना जी.
बॉयलरखालचा खड्डा माह्या बापानं खंदला.
भिंत उभी झाली अन् त्याले गेटाबाहेर केलं.
तवापासून लिवा."

रकान्यात आठच घरं.
साल तिलाही आठवेना.
"त्या साली मोह लई गळला होता,
बाप पाहाले नव्हता गावात,
इतकंच माय सांगे."

रकाना मी कोरा ठेवला.
वरून विचारतील तेव्हा बघू.

कॅमेरा लावला, सवयीनं म्हटलं,
हलू नका.

"आता कायले हलू," ती म्हणाली.