एकोणीस मिलिमीटर

या गावाला दोन नावं. जर्मन बोलणाऱ्यांचं बील,
फ्रेंच बोलणाऱ्यांचं बिएन. स्टेशनच्या पाटीवर
दोन्ही शेजारी शेजारी, मधे एक तिरकी रेघ.
त्या रेघेच्या आसपास कुठेतरी माझं दुकान:
एक खिडकी, एक दिवा, एकशे बारा खण.

खणांत शेवटच्या कड्या.
पट्टा जिथे संपतो आणि घड्याळ जिथे सुरू होतं
तिथली वाकडी, पत्र्याची नखं.
आतून ठोकलेला आकडा भिंगाशिवाय दिसत नाही.
लोकांना वाटतं, स्टील म्हणजे स्टील.
पण कडी घड्याळाच्या दोन शिंगांत बसवा
आणि दिव्यासमोर धरा.
फटीतून उजेड आला तर समजा, हे लग्न
कुणीतरी घाईत लावून दिलंय.

रेगुला आफोल्टर आली तेव्हा नोव्हेंबर होता,
तळ्यावरचं धुकं पार उंबऱ्यापर्यंत.
पर्समधून रुमाल, रुमालातून घड्याळ. वडिलांचं.
सायीच्या रंगाची तबकडी, सहाच्या आकड्याखाली करपलेली,
आणि पट्टा नाही.
"ह्याला ह्याचाच पट्टा हवा," म्हणाली,
जशी काही मीच तो कुठे ठेवून विसरले होते.

मापलं. एकोणीस.
अठरा पुष्कळ, वीस ढिगानं.
एकोणीस-वीसनं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यानं
जन्मात कधी कडी बसवलेली नसते.

मग उलटं केलं. डाव्या शिंगाच्या मागे एक ओरखडा,
आतल्या कडेशी येऊन मधेच तुटलेला.
पट्टा कुणीतरी सुरीनं उपसून काढला होता.
घाईत. किंवा रागात.
स्टीलवर दोन्ही सारखंच उमटतं.

त्या ओरखड्याचं उरलेलं अर्धं मी पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी उर्स आफोल्टर,
डोंगरावर जाणाऱ्या केबलगाडीचा निवृत्त चालक,
नुसता पट्टा घेऊन आला होता.
तांदळाच्या दाण्यांसारख्या कड्या,
आडवा धरला की झोळीसारखा लोंबायचा.
इतका सैल म्हणजे एकाच मनगटावर चाळीसेक वर्षं.
त्याला शोभेल असं घड्याळ हवं होतं.
मी एक दाखवलं. कानाला लावून त्यानं परत ठेवलं:
"ह्याचा आवाज फार तरुण आहे."

ही वाटणी कुणी केली असेल?
नोटरीनं? की दोघांनीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
लोणी लावायच्या सुरीनं?

दुकानदारानं गप्प बसावं, हे मलाही कळतं.
रेगुलाला म्हणाले, गुरुवारी ये, अकराला.
ती गेल्यावर उर्सला फोन केला.
गुरुवार. अकरा.

आले. एकमेकांची नावं न घेता उभे राहिले,
एक खिडकीशी, एक छत्र्यांच्या भांड्याशी.
मी दिवा जवळ ओढला. माझ्याकडच्या दोन जुन्या
स्प्रिंगच्या काड्या घातल्या. एक बाजू. दुसरी.
टक्.
कुठूनही उजेड आला नाही.
ओरखडा कडीवरून शिंगावर गेला, न अडखळता.

उर्सनं घालून पाहिलं, कडी लागेना.
रेगुलाच्या हातात ते कोपराकडे घसरलं.
बाप दोघांच्या मधल्या मापाचा होता.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
शेजारच्या बेकरीत एक ट्रे आपटला.
"पट्टा माझा आहे," उर्स म्हणाला.
"तुझाच आहे," रेगुला म्हणाली,
आणि डोळे न पुसताच रुमाल पसरला.

मी काड्या पुन्हा दाबल्या. दोन वस्तू, दोन खिसे.
पैसे घेतले नाहीत. कशाचे घ्यायचे?
काचेतून पाहिलं: कालव्याच्या दोन काठांनी
दोघं चालले होते, एकाच दिशेला,
ती जरा पुढे.

काड्या काउंटरवर राहिल्या.
त्या कुणाच्याच वाटणीत आलेल्या नाहीत.
पुडीत बांधल्या, एकशे बाराव्या खणात टाकल्या
आणि चिठ्ठीवर मापाच्या जागी
आडनाव लिहिलं.