पाच सेंटिमीटर

रेघ पाच सेंटिमीटर रुंद. ती बदलली नाही.
बाकीचं सांगतो.

मुहर्रकला आलो तेव्हा माझ्याकडे
तीन ब्रश, एक ओळंबा
आणि दापोलीत दुकानांच्या पाट्या रंगवून
बसलेला हात.
क्लबच्या मैदानाला तेव्हा कुंपण नव्हतं,
ओल्या रंगात वाळू येऊन बसायची.
पहिल्यांदा आखला तो रिंगखालचा पट्टा :
सुपासारखा, तळाशी पसरट, पुढे निमुळता.

त्या सुपात खलफ उभा राहायचा.
रिंगकडे पाठ. कोपरं बाहेर.
सगळा खेळ त्याच्यापाशी चालत यायचा,
फाटकावर कामं घेऊन माणसं येतात तसा.
चेंडू हातात आला की घाई नाही,
एक खांदा इकडे, एक खांदा तिकडे,
मग उजवा हात डोक्यावरून असा वळायचा
की बापाच्या होडीचं शीड फिरतंय.
जाळी हलायची. तो मागे बघायचाही नाही.

त्याच्याआधीचे म्हातारे तर
दोन्ही हातांनी, गुडघ्यांतून,
घागर उपडी करावी तसा चेंडू सोडायचे.
खलफ त्यांना हसायचा.

चौऱ्याऐंशीत क्लबात कागद आला :
एक कमान आखा, सव्वासहा मीटर,
तिच्याबाहेरून पडला तर तीन गुण.
सिमेंटात खिळा ठोकायला सेक्रेटरी देईना.
खलफच म्हणाला, दे इकडे,
आणि रिंगखाली बसून सुतळीचं टोक
अंगठ्याखाली दाबून धरलं.
मी खडू घेऊन फिरलो. तो मध्ये, मी भोवती.
"इतक्या लांबून कोण मारणार?" तो म्हणाला.
मलाही तेच वाटलं.
घरी पत्रात लिहिलं, इथे अर्धगोल काढतो.
बायकोनं विचारलं, रस्त्याचं काम आहे का.

मग लॉन्ड्रीतला रोडेल आला, मनिलाचा,
माझ्या काखेएवढा.
चेंडू पायांमधून काढायचा,
अंधारात सुई ओवणाऱ्या बाईसारखा, न बघता.
कोच ओरडायचा, सर्कस बंद कर!
पुढच्या हंगामात कोचचाच मुलगा
गच्चीवर तेच करताना मी पाहिला.

दोन हजार दहात पुन्हा कागद.
सूप खरवडून काढा, सरळ चौकोन करा.
कमान अर्धा मीटर मागे.
या वेळी सुतळी धरायला खलफ वाकू शकला नाही.
खुर्ची मागवली, आणि खुर्चीच्या पायाखाली टोक ठेवून
तो वर बसला.

खेळ मला फारसा कळत नाही.
मला रंग कुठे झिजतो ते कळतं.
पूर्वी रिंगखाली सहा महिन्यांत सिमेंट उघडं पडायचं.
आता कोपरे जातात, कमानीचा माथा जातो.
मधल्या जागेत
दोन वर्षांपूर्वीचा हिरवा अजून चकाकतो.
तिथे क्लबची मांजर झोपते,
सामना चालू असतानासुद्धा,
असं रोडेल म्हणतो. थोडं खोटं आहे.

खलफचा नातू मुहन्ना, आजोबांहून चार बोटं उंच,
तेच तळवे,
आणि उभा कुठे, तर पार कोपऱ्यात.
चेंडू येतो, जातो. एक पाऊल मागे, पुन्हा एक.
दहातले चार पडतात आणि सगळे खूश.
"खिडकीतून रद्दी फेकतोय," खलफ म्हणतो.
मग पाचवा पडला की
खुर्चीच्या हातावर बोटं आपटतो, हळू,
कुणाला दिसू नये अशी.

काल रात्री शेवटचा हात दिला.
दमट हवा, रंग वाळेना.
खलफ काठी घेऊन आला.
दोरी ओलांडली. मी नको म्हटलं नाही.
मधल्या त्या हिरव्यात उभा राहिला, रिंगकडे पाठ,
आणि बोटांनी मागितला.
मी चेंडू दिला.
एक खांदा इकडे.
दुसरा खांदा आला नाही.
हात मात्र वळला.

कडीवर आपटून चेंडू कुंपणाकडे गेला.
तो मागे बघायला लागला.

त्याच्या चपलेचा ठसा हिरव्यात उमटलाय,
टाच खोल, पंजा थोडा फिरलेला.
सकाळी रोलर फिरवायचा होता.
आता दुपार झाली.