बसायला जागा

मुंजाजी बिडगर, एसटीतून रिटायर.
गंगाखेड–परळी–अंबाजोगाई, एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
खुर्चीत बसले की तोंड उघडण्याआधी हात पुढे येतो,
जसं काही मीच सुट्टे देणार आहे.

खाली डावीकडचे तीन गेलेत.
एक तंबाखूनं नेला, एक उसाच्या कांड्यानं,
तिसऱ्याचं ते सांगत नाहीत.
उरलेल्यांवर बोअरच्या पाण्याचे तपकिरी पट्टे,
पण मुळं घट्ट.

"गेलेल्याच्या जागी बसवा की.
ह्या चांगल्याला कामून घासायलात?"

मी प्लॅस्टरचा जबडा हातात घेते.
कवळी रोज काढायची, रोज घालायची,
सरळ खाली उतरली पाहिजे,
आणि ही दाढ कुशीला फुगलेली, वाट अडवते.
तिथं केसभर सपाट करायचं.
मग माथ्यावर एक खळगी,
अर्धी करडी मावेल एवढी,
काठ गोल, तळ आतल्या अंगाला उतरता.
कवळीचं बोट तिथं टेकणार.
नाहीतर घासागणिक ती हिरडीत रुतत जाईल.

ते छताकडे बघत राहतात.
"म्हंजे तिघांच्या शिटावर चौथा.
सरका की वो जरा."
"हो."
"सरकणाऱ्याची शीट तर जात नाही ना?"
"नाही जात."
"मंग घासा."

मशीन किंचाळते, पाणी उडतं.
मधेच लाइट जाते,
आणि इन्व्हर्टर जागा होईस्तोवर
अंधारात एक तोंड उघडं, एक हात अधांतरी.

उन्हाळ्यात आटलेली गोदावरी परत येते.
दाताचं हे वरचं कवच येत नाही.
म्हणून पिवळं दिसायच्या आत थांबायचं,
आणि कुठं थांबायचं ते
पुस्तकापेक्षा बोटांना आधी कळतं,
रोज नाही कळत.

घासलेलं गुळगुळीत केलं.
गुलाबी लगदा भरला, म्हटलं, नाकानं श्वास घ्या, आकडे मोजा.
मांडीवर त्यांची बोटं मिटत गेली.
थांबे मोजत असावेत.

तीन आठवड्यांनी नांदेडहून डबी आली.
दाबली. टक्.
काढली, पुन्हा दाबली. टक्.
"डबल बेल," मुंजाजी म्हणाले,
आणि निघाले.

माझ्याकडे सुट्टे नव्हते.
त्यांच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं:
वीस रुपये येणे.
त्यांनी ते दोनदा वाचलं,
नव्या दातांनी हसले.