अर्धी गोळी

सकाळी आठला अर्धी, रात्री आठला अर्धी.
मधोमध खाच आहे, तरी सुरीनं नीट तुटत नाही,
एक अर्धा मोठा निघतो.
मोठा मी सकाळी घेते. का, ते विचारू नका.

डॉक्टर मुजुमदार म्हणाले, हात गार पडतील,
थकल्यासारखं होईल, स्वप्नं पडतील.
आणि मनानं बंद करायची नाही, एकदम तर नाहीच.
स्वप्नं पडतील हे त्यांनी
पुढे रस्ता खोदलाय अशा सुरात सांगितलं.

हात पडले गार.
मे महिन्यात, बिबवेवाडीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर,
जिथे नळाचं पाणी दुपारी भाजतं,
तिथे माझी बोटं फ्रिजमधल्या गवारीसारखी.
कणीक मळायच्या आधी कोमट पाण्यात बुडवून घेते.
भाजीवाल्या सुलोचनानं सुटे देताना
हात धरूनच ठेवला,
"ताई, बर्फ विकायला घेतला का काय?"

उठायचं म्हणजे आधी नुसतं बसायचं,
भिंत जागेवर येऊ द्यायची,
मग उभं राहायचं.

स्वप्नंही पडली.
एकात ऑफिसातल्या सगळ्या फायली भिजल्या
आणि मी त्या गच्चीवर पापडांसारख्या वाळत घातल्या.
साहेब कावळे हाकलत होते.
दुसऱ्यात थोरल्या नणंदबाई,
नऊ वर्षं बोलत नाहीत माझ्याशी,
माझ्या डोक्याला तेल लावत होत्या
आणि भांडण कशावरून ते दोघींनाही आठवेना.
जाग आली तर केस कोरडे,
आणि भांडण कशावरून ते लख्ख आठवत होतं.

तळजाईवर आता तिसऱ्या बाकापाशी थांबते.
अकरा वर्षं मी सगळ्यांच्या पुढे असायचे.
इनामदारबाई काठी टेकत मला मागे टाकतात
आणि वळून म्हणतात, "सावकाश हं."
ते "हं" लागतं.
हळू चालल्यामुळे मला मोर दिसले वगैरे
असं काही झालं नाही.
मोर आधीही दिसायचे.

पण एक आहे, जे डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही.
परवा स्वारगेटला रिक्षा अंगावर आली,
इतकी जवळ, की तिच्या आरशात मी मला पाहिलं.
लोक ओरडले. पिशवीतली लिंबं रस्ताभर.
आणि आत
तेच आपलं, एक,
मग एक,
मग एक,
चोर शिरले तरी त्याच पावलांनी
फेरी मारणारा सोसायटीचा वॉचमन.
भीती वाटली मला, खरंच वाटली,
पण कुठे वाजली नाही.
ढोल नसलेल्या मिरवणुकीसारखी
समोरून निघून गेली.
घाबरले होते ना मी?
लिंबं वेचताना मीच मला विचारत होते.

त्याच आठवड्यात नाशिकहून ऋजुताचा फोन,
"आई, दिवस राहिलेत."
आनंदही तसाच आला,
चपला दाराबाहेर काढून.
मी मुद्दाम दोनदा ओरडले,
तिला कमी वाटू नये म्हणून.
फोन ठेवल्यावर मात्र
ओट्याशी बराच वेळ उभी होते,
आणि गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा कळलं
की मी हसत होते.

रात्री मुकुंद नाडी बघतो.
वही केलीय त्यानं, पट्टीनं रेघा मारून:
तारीख, वेळ, ठोके, शेरा.
बँकेतला माणूस, शेरा रोज एकच, "ठीक".
चौतीस वर्षांत यानं माझा हात
सप्तपदीत आणि एकदा सिंहगडावर निसरड्यात धरला असेल.
आता घड्याळ बघत तीस सेकंद, गुणिले दोन.
मध्ये खालून कुणी हॉर्न मारतो, तो चुकतो,
परत पहिल्यापासून.
मला आकडा माहीत असतो. सांगत नाही.
"चोपन्न," म्हणतो. "किती गार गं."
वही खाली ठेवतो,
हात ठेवत नाही.

आठ वाजून गेलेले असतात,
आणि धाकटा अर्धा
अजून ताटलीतच.