मर्यादेत

सोहारला सप्टेंबरातही सकाळी सहाला
प्रयोगशाळेच्या काचा बाहेरून घामाघूम.
खल्फान पिकअप दारातच उभी करतो.
मासळीच्या पेटीत बर्फ, बर्फात पिशवी,
पिशवीत करडाचं काळीज.
सोबत लसूणघासाची पेंढी, मुळासकट,
आणि सरबताच्या बाटलीत विहिरीचं पाणी, मचूळ.

"मागचे पाय लटपटतात," म्हणतो,
टेबलावर दोन बोटं चालवतो, मग पाडतो.
"या वर्षी सात."

आमच्याकडे काळीज म्हटलं की आधी माया आठवते.
मी त्यातलं दोन ग्रॅम कापते,
आम्लात टाकते, तांबूस धूर सुटतो.
थोड्या वेळानं रक्त, चारा, माया
सगळं पाण्यासारखं नितळ.

यंत्रात प्रत्येक धातूला वेगळा दिवा.
तांब्याचा लावताना मला दर वेळी हसू येतं:
आडनाव तांबट.
सात पिढ्या ठोके मोजत बहिऱ्या झाल्या,
आठवी इथे आकडे मोजते.

या डोंगरांतून म्हणे हजारो वर्षं तांबं निघालं,
वाद्यांच्या काठी अजून काळं कीट पडलंय.
आणि करडाच्या काळजात तांबं जवळजवळ नाहीच.
पाण्यातलं गंधक त्याला वाटेत अडवतं,
चाऱ्यातलं मॉलिब्डेनम बांधून ठेवतं.
तांब्याच्या डोंगराखाली
तांब्यावाचून पाय गेले.

हे सांगणं सोपं. गाभण शेळ्यांना सुई देता येते.
खल्फान वहीत लिहून घेतो.

मग मी दिवा बदलते. शिशाचा.

घासातला आकडा वर चढतो,
रेषेच्या जरा अलीकडे थांबतो.
रकान्यातला शब्द ठरलेला आहे.
"दूध शम्साला देऊ ना?"
शम्सा म्हणजे नात. दोन वर्षांची.

बाबा इस्लामपूरच्या बाजारात कल्हई करायचे.
नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा,
एक फेर, आणि पातेलं चांदीचं.
ताक कळकू नये म्हणून बाया रांग लावायच्या.
कथील महागलं त्या दोन-तीन वर्षांत
बाबांनी त्यात शिसं मिसळलं.
चकाकी छान टिकते, गिऱ्हाइकं म्हणायची.

तांबं निदान कळकतं. जिभेला कळतं.
शिसं म्हणे जरासं गोड लागतं.

गेल्या सुट्टीत घरचं पातेलं
साडीत गुंडाळून आणलं.
रात्री यंत्र मोकळं असताना चिमूटभर खरवडलं,
नळीवर नाव घातलं नाही.
आकडा पट्टीबाहेर गेला. पातळ केलं.
पुन्हा गेला. पुन्हा पातळ केलं.
बाबांना फोन लावला.
त्यांनी विचारलं, जेवलीस का.
हो म्हटलं.

"मर्यादेत," मी खल्फानला सांगते.
तो निघालेला असतो, मी बाही धरते.
हा घास नका घालू. दुसऱ्या विहिरीचा घाला.
दूध महिन्यानं परत आणा, पैसे पडणार नाहीत.
"मर्यादेत म्हणालीस ना?"
म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहतो, मग कागदाकडे.
जाताना काउंटरवर पिशवी ठेवतो,
घरच्या बागेतले खजूर.

दुपारी एक तोंडात टाकते.
गोड आहे.
बराच वेळ जीभ टाळूला लावून बसते.