फौजदार, वय एकोणीस

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
पानाला तीस रुपये.
तेवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप करतोय.

बुधवारी सुरमिला काळे आली,
मागं रामटेकडीच्या सात-आठ बायका,
एकीच्या हातात दुधाच्या पिशवीत कोंबलेला शर्ट.
लिव्हा, म्हणाली.
पोराचं नाव?
फौजदार.
मी मान वर केली.
"जल्मला तवा वाटलं,
ह्या नावाला तरी कुनी हात लावनार न्हाई."

टाइप करताना पंचाईत झाली.
फौजदाराने फौजदारास पट्ट्याने मारले.
फौजदार पाणी मागत होता. फौजदार हसत होता.
सोनकांबळे वकीलबाई म्हणाल्या,
असं कसं चालेल, मुलाच्या नावापुढं वय टाका.
मग टाकत गेलो
फौजदार, वय एकोणीस
फौजदार, वय एकोणीस
अकरा पानांत एकेचाळीस वेळा.
विसाव्या-बाविसाव्या वेळी कधीतरी
बोटं थबकली:
हा आकडा आता कुणालाच बदलावा लागणार नाही.

गिरणीवाले तांबोळी साक्षीला आले, पिठानं पांढरे.
"रात्री लाइट गेलेली, गिरणी बंद,
म्हणून ऐकू आलं.
नाहीतर रोज चालूच असते."
एवढंच बोलले.
हे शेवटचं वाक्य घेऊ का, विचारलं.
बराच वेळ गप्प.
घ्या.

शुक्रवारी कलेक्टर कचेरीसमोर दोनशे माणसं.
मी चहाच्या निमित्तानं गेलो, रस्त्याच्या अलीकडेच थांबलो.
फौजदारला न्याय द्या!
फौजदारला न्याय द्या!
बंदोबस्तातला एक जण फिसकन हसला,
शेजारचीनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा टोपी नीट करू लागला.
बॅरिकेडपाशी तिनंच एका पोरीला हळू विचारलं,
कुठला गं फौजदार?
आमचा.

आता माझं सांगतो.
त्या बुधवारी मी तीनशे तीस रुपये घेतले.
तिनं पदराच्या गाठीतून मोजले,
दहाच्या नोटा, बाकी नाणी,
आणि मी ते पुन्हा मोजले. सवय.
मोर्चाहून परतताना ती टेबलापाशी थांबली
तेव्हा पाकीट पुढं केलं, म्हटलं, राहू द्या हे.
तिनं हात मागं घेतला.
"पैसं नको. पावती द्या.
धरून न्हेला तवा कागद न्हाई,
मेला तवा कागद न्हाई.
तुमी तरी द्या."

पावतीपुस्तक माझ्याकडं कधीच नव्हतं.
कोरं पान घेतलं, हातानं लिहिलं.
अक्षर माझं वाईट आहे.